रतनलाल यांच्या नावाचा फ्यूज

माझ्या पतीचे नाव कोणत्या वस्तूवर छापायचे आणि कोणत्या वस्तूवर छापायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे. हे आरंभीच सांगते, कारण गेल्या डिसेंबरात जे घडले त्यानंतर जालन्याच्या बाजारातील काही मंडळी 'प्रेमबाई हट्टी आहेत' असे म्हणू लागली आहेत. त्यांनी अवश्य म्हणावे. मी एकोणऐंशी वर्षांची आहे आणि हट्टी या शब्दाने मला अद्याप एकदाही वाईट वाटलेले नाही.

आमचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. पाटीवर 'रतनलाल' एवढेच लिहिले आहे. आडनाव नाही, देवाचे नाव नाही. यजमान गेल्यानंतर गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, गल्ल्यावर मी बसले. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचे मिस्त्री आणि वाटूर, आष्टीकडचे मोटारपंपवाले माझ्याशी घासाघीस करून थकत. यजमानांची एक रीत होती, ती मी मोडली नाही. यंत्रावर भार किती आहे हे विचारल्याशिवाय ते कोणाला फ्यूज देत नसत. वाटूरचे एक बागायतदार एकदा रागावून आले. स्टार्टरचा फ्यूज सारखा उडतो, तेव्हा जाड तार द्या, अशी त्यांची मागणी होती. यजमान म्हणाले, "जाड तार घातली तर तार वाचेल आणि मोटार जळेल. आधी मोटार का अडते ते पाहा." ते गृहस्थ दुसऱ्या दुकानातून जाड तार घेऊन गेले. यजमानांनी त्यांना हाक मारली नाही.

आता दुकान माझा नातू पारस पाहतो. त्याचे वडील बियाण्यांच्या कारखान्यात गुंतलेले असतात. पारस अभियंता आहे, कष्टाळू आहे आणि मनाने स्वच्छ आहे. मात्र दुकान माझ्या नावावर आहे, म्हणून नवा करार करायचा तर सही माझी लागते.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्याने माझ्यापुढे मखमलीची एक डबी ठेवली. आत बोटाच्या पेराएवढा, निळ्या चिनीमातीचा, दोन्ही टोकांना सोनेरी टोप्या असलेला एक फ्यूज होता.

"दादीसा, हा गाण्याच्या मशीनसाठी हाये," तो म्हणाला. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण दुकानाच्या गोष्टी पारस मराठीतच करतो. तसे करण्याची सवय त्याला मीच लावली. "साधा काचेचा काढायचा अन् हा लावायचा. आवाज असा उघडून राह्यला की बस!"

"आवाज म्हणजे काय कपाट आहे, उघडायला?"

"तुम्ही ऐका तर. साफ होतो, मोकळा होतो. विलायती घ्यायला गेलं तर एकेक फ्यूज वीस हजाराला हाये. हा नऊशेत. पुण्याच्या कंपनीचा माणूस म्हणतो, आख्ख्या मराठवाड्यासाठी आपलं दुकान. अन् डबीवर आजोबांचं नाव. 'रतनलाल यांची निवड' असं, सोनेरी अक्षरात."

मी तो फ्यूज हातात घेतला, कानाजवळ हलवला. आवाज आला नाही. आत वाळू ठासून भरलेली असणार. अशा फ्यूजला मी नावे ठेवत नाही. मोठा शॉर्ट झाला तर काच फुटू शकते, हा फुटत नाही. ज्या यंत्राच्या पाठीवर तसा फ्यूज घाला असे लिहिलेले असते, तिथे तोच घालावा. पण सोनेरी टोप्या नसलेला, तितकाच मजबूत फ्यूज आमच्याच दुकानात तीस रुपयांना मिळतो. वरचे आठशे सत्तर रुपये कशाचे, हा माझा प्रश्न होता.

"आवाजाचे," पारस म्हणाला. "मशीनला जी वीज जाते ती सगळी ह्याच्यातून जाते दादीसा. हा शेवटचा दरवाजा."

"कुठल्या तरी वीजकेंद्रातून शेकडो मैल तारांतून वीज येते. वाटेत खांब, डीपी, आपल्या गल्लीतले गंजलेले जोड. एवढा प्रवास करून आलेली वीज शेवटच्या पाऊण इंचात पवित्र होते?"

तो हसला, पण मागे हटला नाही. त्याचा हा गुण मला आवडतो. म्हणाला, "मी ऐकलंय दादीसा. खोटं बोलून राह्यलो का मी?"

तो खोटे बोलत नव्हता, आणि अडचण नेमकी तीच होती. खोटे बोलणाऱ्या माणसाला दुकानाबाहेर काढणे मला दोन मिनिटांचे काम आहे. मी म्हटले, "ठीक. नरहररावांना बोलाव. त्यांनी स्वतःची तबकडी लावून, आधी आणि नंतर असे दोन्ही वेळा ऐकून, फरक पडला असे म्हटले तर ज्या फ्यूजने तो फरक पडला त्याच्या डबीवर यजमानांचे नाव जाईल. मी सही करीन."

"शब्द?"

"माझा शब्द."

नरहरराव यजमानांचे मित्र. विमा कार्यालयातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली. आमच्या दिवाणखान्यात यजमानांचा जुना अॅम्प्लिफायर आहे. दर रविवारी सकाळी त्यावर तबकड्या ऐकणे हा दोघांचा नेम होता. यजमान गेले, तरी नरहररावांनी तो मोडला नाही. या गावात कोणाच्या कानावर मी विसंबत असेन तर त्यांच्या. त्यांनी जी तबकडी आणायची ठरवली ती यमनाची होती. त्यांच्या पत्नीची, शरयूवहिनींची, ती आवडती. वहिनी गेल्यापासून नरहरराव ती घरी एकट्याने लावत नाहीत, आमच्याकडे आणतात.

पुण्याचा माणूस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी सकाळी अकराला कागद घेऊन येणार होता. म्हणून ऐकण्याचा कार्यक्रम आदल्या सायंकाळी, पाचनंतर ठरला. ती माझ्या सामायिकाची वेळ. पारसने सुचवले की, मी त्या दिवशी आतल्या खोलीत बसावे. मी सुचवले की, त्याने अॅम्प्लिफायर हलवावा. चाळीस वर्षे मी दिवाणखान्याला लागून असलेल्या माझ्या खोलीत, उघड्या दाराशी, पूर्वेला तोंड करून बसते. दोहोंपैकी काहीच हलले नाही.

जैन नसलेल्या वाचकांसाठी सांगते. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचे व्रत. आसन घालायचे, तोंडावर मुहपत्ती बांधायची, वाळूची घडी उलटी करायची आणि तेवढा वेळ संसाराचे कोणतेही काम मनाने, वाणीने, शरीराने स्वतः करायचे नाही आणि दुसऱ्याकडून करवायचेही नाही. विजेचे बटन दाबणे दूरच, दाब म्हणून सांगणेसुद्धा व्रतात बसत नाही. माझी घडी लाकडी चौकटीची आहे, सासूबाईंची. पाच वाजून वीस मिनिटांनी मी ती उलटी केली.

नरहरराव आले. दारातूनच मला हात जोडले आणि खुर्चीत बसले. रूपलने, म्हणजे पारसच्या पत्नीने, त्यांच्यापुढे चहा आणि स्टीलच्या वाटीत मखाणे ठेवले. तबकडी लागली. यमन सुरू झाला. जुना काचेचा फ्यूज आत होता. स्वयंपाकघरात नळ चालू होता. नरहररावांनी डोळे मिटून पहिली दहा मिनिटे ऐकले आणि मान हलवली. "हं. नेहमीसारखं."

"आता बघा काका," पारस म्हणाला. त्याने यंत्र बंद केले, प्लग काढला, अॅम्प्लिफायरच्या कॅबिनेटमागे हात घालून फ्यूज बसतो तिथली टोपी फिरवली आणि काचेचा फ्यूज काढून मखाण्याच्या रिकाम्या वाटीत टाकला. डबीतून निळा फ्यूज काढला. इतक्यात स्वयंपाकघरातून रूपलची हाक आली.

"अहो, सूर्य चालला! चौविहार हाये ना आज तुमचा? ताट वाढून ठेवलंय, पटकन या."

आमच्या घरात सूर्यास्तानंतर कोणी जेवत नाही. पारसचा त्या दिवशी चौविहार होता, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीही नाही. हा नियमही मीच घातलेला. त्याने घाईने निळा फ्यूज गडगडू नये म्हणून त्याच वाटीत ठेवला आणि तो जेवायला धावला.

दहा मिनिटांनी परतला. ओठ पुसत होता, एका हातात फोन होता, त्यावर पुण्याच्या माणसाचा संदेश वाचत होता. बाहेरचा उजेड उतरला होता. वाटीत दोन फ्यूज. त्याने न पाहता एक उचलला, कॅबिनेटमागे हात घातला, टोपी बसवली.

त्याने काचेचा उचलला होता.

माझी नजर चांगली आहे. खिडकीतून येणाऱ्या शेवटच्या उजेडात ती काच चमकलेली मी स्पष्ट पाहिली. निळा फ्यूज वाटीतच राहिला. मी घडीकडे पाहिले. वरच्या भांड्यात अजून तिसऱ्या हिश्शाएवढी वाळू होती.

पाठोपाठ रूपल आली आणि ती वाटी घेऊन गेली. तिचाही दोष नव्हता. उष्टे भांडे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या वर पडू द्यायचे नाही, त्यात जीव पडतात, असे मीच तिला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात बजावले होते. नऊशे रुपयांचा फ्यूज मखाण्याच्या वाटीसह घासायला गेला, स्वयंपाकघरातला नळ थोडा वेळ वाहून बंद झाला आणि दिवाणखान्यात यमन पुन्हा सुरू झाला.

मी माळेचे मणी ओढत होते. आता जे सांगते ते माझ्या मानाला शोभणारे नाही, तरीही सांगते. मला फरक ऐकू आला. तोच फ्यूज आत जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. तरीही तंबोरा मला पहिल्यापेक्षा जवळ वाटला, गायिकेने श्वास घेतलेला ऐकू आला, आणि क्षणभर माझ्या मनात आले की, खरेच, किती मोकळा आवाज आहे. मग भान आले. माझा मणी चुकला. मी पुन्हा आरंभापासून माळ धरली.

नरहररावांचे डोळे भरले होते. "पारस, अरे, काय हे! तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येऊन राह्यली. तीस वर्षं ऐकतोय ही तबकडी. इथं, ह्या जागी ती श्वास घेते, हे मला आजच कळलं. शरयू असती तर..."

"म्हणजे फरक हाये काका?"

"बिलकुल आहे. डोळे झाकून सांगतो."

पारसने माझ्याकडे पाहिले. विजयाने नव्हे, आनंदाने पाहिले. मला ते जास्त जड गेले. त्याने तिथेच पुण्याच्या माणसाला फोन लावला. "हां, सुमितभाई! झालं बराबर. दादीसांचा शब्द होता, तय्यार हाये समजा. उद्या कागद अन् डब्यांचा नमुना घेऊनच या. नाव मोठं टाका, रतनलाल."

नरहरराव तबकडी पाकिटात घालू लागले. घडीत अजून वाळू होती. ते निघून गेले असते, पारसने यंत्र आवरून ठेवले असते, आणि दुसऱ्या दिवशी मी काही म्हटले असते तर ते हरलेल्या म्हातारीचे कारण ठरले असते. एक बोट दाखवले असते तरी पुरे होते. मी ते दाखवले नाही. चाळीस वर्षांत जे व्रत मी तापात मोडले नाही, ते एका फ्यूजसाठी मोडणार होते की काय? मी मणी ओढत राहिले. नरहररावांच्या चपला दारात होत्या. त्यांनी एक पायात घातली, आणि मग रूपलने त्यांना मागच्या आठवड्यात वाचायला नेलेल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीबद्दल विचारले. ती कुठे ठेवली हे त्यांना आठवेना. त्या विसराळूपणाला मी आजही आशीर्वाद देते.

वाळूचा शेवटचा कण पडला. मी घाई केली नाही. सामायिक पूर्ण करण्याचा पाठ शेवटच्या अक्षरापर्यंत म्हटला, मन भटकले त्याचा दोष मान्य केला, मुहपत्ती सोडली, आसन गुंडाळले आणि काठी घेऊन दिवाणखान्यात आले.

"नरहरराव, चप्पल काढा. बसा. पारस, मागची टोपी काढ."

"का दादीसा?"

"काढ म्हटले ना."

त्याने कॅबिनेटमागे हात घातला. मी काठी जमिनीवर आपटली. "आधी प्लग. आजोबांची रीत विसरलास?"

त्याने प्लग काढला, टोपी फिरवली, आणि तळहातावर काचेचा फ्यूज घेऊन उभा राहिला. फोनचा दिवा लावून पाहिला. पुन्हा पाहिला.

"हे कसं काय? मंग निळा कुठं गेला?"

स्वयंपाकघराच्या दारात रूपल उभी होती, पदराला हात पुसत. "निळा? तो तुमचा होता का? वाटी घासताना खाली पडला. मला वाटलं रिमोटचा सेल हाये. धुऊन चमच्यांजवळ ठेवलाय वाळायला."

पारसला हसू आले नाही. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे तुम्ही बघून राह्यल्त्या? अन् काहीच बोलल्या न्हाई?"

"सामायिकात होते."

"मंग हातानं तरी दाखवायचं!"

"हाताने दाखवणे आणि तोंडाने सांगणे एकच. ते फ्यूज बदलवणे झाले असते. मी ते व्रतात करत नाही."

"तुम्हाला हेच पाहिजे होतं दादीसा! मला काकांसमोर उघडं पाडायचं होतं."

"पारस!" नरहरराव म्हणाले. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी तबकडी छातीशी धरली होती, जणू कोणी तिच्यावर हसेल. "त्यांचं काय चुकलं? फजिती माझी झाली. डोळे झाकून सांगतो म्हणालो, अन् खरंच डोळे झाकूनच सांगितलं. वहिनी, ह्यापुढे माझ्या कानाला विचारू नका. येतो मी."

एकोणऐंशी वर्षांत मी घरातल्या माणसांसमोर 'माझे चुकले' असे फार थोड्या वेळा म्हटले असेल. संवत्सरीच्या क्षमायाचनेत म्हणते, तेही ठरलेल्या शब्दांत. तो श्वास मला ऐकू आला होता हे मी मनात ठेवू शकले असते. मी जिंकलेली होते. पण जिंकून नरहररावांना या दाराबाहेर असे जाऊ दिले असते, तर पुढच्या रविवारी ते आले नसते, आणि यजमानांनी मला ते कधी माफ केले नसते.

"थांबा," मी म्हटले. "तो श्वास मलाही ऐकू आला."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

"काचेचा फ्यूज आत जाताना मी पाहिला. तुम्हाला ठाऊक नव्हते, मला होते. तरी तंबोरा मला जवळ आलेला वाटला. तुमचे कान चुकले असतील तर माझेही चुकले, आणि माझे अधिक चुकले. तेव्हा आता दोघांनी खाली बसा आणि डोके चालवा. पहिल्या वेळी तुम्ही नेहमीसारखे ऐकत होता. दुसऱ्या वेळी, आता काहीतरी नवे येणार म्हणून जीव कानात आणून बसला होता. घर गप्प होते. रूपलने नळ बंद केला होता. तो श्वास तीस वर्षे त्या तबकडीत होता नरहरराव. तुम्ही आज तो ऐकलात, एवढेच."

नरहररावांनी छातीशी धरलेली तबकडी बाजूला ठेवली. मग खाली बसले.

पारस इतक्या सहज बसणारा नव्हता. "हे तर काचेच्या फ्यूजचं झालं. निळ्यानं फरक पडत न्हाई, हे कुठं ठरलं? तो तर लागलाच न्हाई!"

"बरोबर बोललास," मी म्हटले, आणि मला त्याचा अभिमान वाटला. "उद्या सकाळी लाव. वाळला की."

सकाळी आठला आम्ही बसलो. मी पद्धत घालून दिली. कॅबिनेटमागे रूपल, तिच्यापुढे चादरीचा पडदा. दहा वेळा ती टोपी उघडणार आणि बंद करणार. फ्यूज बदलायचा की तोच ठेवायचा हे ती नाणे उडवून ठरवणार आणि स्वतःजवळ लिहून ठेवणार. आम्ही तिघांनी एकमेकांना न विचारता कागदावर लिहायचे, निळा की काच. तिसऱ्या खेपेला पारस म्हणाला, "हा नक्की निळा!" मी त्याला गप्प केले. सातव्या खेपेपर्यंत तो कपाळ चोळू लागला होता. नरहरराव प्रत्येक वेळी आधी हसत आणि मग लिहीत.

पारसची पाच उत्तरे बरोबर आली. नरहररावांची चार. माझी सहा. "दादीसा जिंकल्या!" रूपल पडद्याआडून ओरडली.

"दहांत सहा म्हणजे नाण्याने ठरवल्यासारखेच झाले," मी तिला म्हटले. "पडदा काढ आणि चहा टाक."

पारसचा 'नक्की निळा' काचेचा निघाला होता. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

अकराला सुमित दुकानात आला. चुणचुणीत, गोड बोलणारा तरुण. त्याने गल्ल्यावर डब्यांचा नमुना मांडला. मखमल, आणि झाकणावर सोनेरी अक्षरांत 'रतनलाल यांची निवड'. किती वर्षांनी मी गल्ल्यावर बसले होते. ती अक्षरे सुंदर होती, हे नाकारत नाही. मी त्यांवरून बोट फिरवले.

त्याला सारे सांगितले. तो मन लावून ऐकत राहिला आणि शेवटी हसून म्हणाला, "आजी, राग मानू नका, पण या वयात वरचे सूर ऐकू येत नाहीत. ते शास्त्रच आहे. तरुण गिऱ्हाइकाला येतात."

"माझा नातू सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला विचारा."

सुमितने पारसकडे पाहिले. पारसने खिशात हात घातला, त्या कागदाला स्पर्श केला, पण बाहेर काढला नाही. "एवढ्यात ठरवायची जल्दी नको," तो पुटपुटला. मला वाईट वाटले. स्वप्न त्याचे होते.

"बरं, ऐकण्याचं सोडा," सुमित म्हणाला. "लोकांना समाधान मिळतं, त्याचे पैसे आहेत. महागड्यांच्या मानाने तर हा किती स्वस्त! कोणाचं नुकसान काय?"

"वीस हजाराच्या शेजारी ठेवल्यामुळे नऊशे स्वस्त दिसतात. तीस रुपयांच्या शेजारी ठेवून पाहा. फ्यूजचे काम एकच आहे, भार वाढला की आपण जळायचे आणि यंत्र वाचवायचे. त्या कामासाठी तुमचा फ्यूज चांगला असेल तर तसे लिहा. डबीवर छापा की, हा मजबूत आहे, वेळेवर जळतो आणि याने आवाज बदलत नाही. मी आत्ता सही करते."

"असं छापलं तर घेईल कोण?"

"ज्याला फ्यूज हवा असेल तो."

"कंपनी परवानगी देणार नाही आजी."

"मग तुमच्या कंपनीचे नाव घाला. माझ्या पतीचे कशाला हवे?"

त्याचे हसू प्रथमच मावळले. त्याने कागद पुढे सरकवले. "पण तुम्ही शब्द दिला होता. पारसभाईंनी फोनवर सांगितलं. ते काका फरक पडला म्हणाले की सही, असं ठरलं होतं. जुनी माणसं शब्दाला पक्की असतात, असं ऐकलंय."

दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती, आष्टीहून आलेली. तीही ऐकू लागली. पारसने मान खाली घातली. त्याला वाटले, आता दादीसा सापडल्या.

"शब्द दिला होता, आणि मी तो पाळणार आहे," मी म्हटले. "ज्या फ्यूजने फरक पडला असे नरहरराव म्हणतील, त्याच्या डबीवर यजमानांचे नाव जाईल, हा माझा शब्द. पारस, काय शब्द होते?"

"हेच होते," पारस म्हणाला.

"नरहरराव कोणता फ्यूज असताना म्हणाले?"

पारसने वर पाहिले. त्याला क्षणभर लागला. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हलले. "काचेचा दादीसा. आपला. दहा रुपयांचा."

"मग त्याच्या डबीवर नाव जाईल. सोनेरी अक्षरे नकोत. काळी चालतील."

आष्टीच्या गिऱ्हाइकांपैकी एक जण मोठ्याने हसला. सुमितने मखमलीच्या डब्या पिशवीत भरायला घेतल्या. नमुन्याची डबी त्याने उचलली, तेव्हा पारसने ती त्याच्या हातातून हळूच घेतली, झाकणावरची नावाची पट्टी नखाने एका कोपऱ्यापासून उचकटून काढली आणि डबी परत दिली. मी त्याला तसे सांगितले नव्हते.

पुढच्या महिन्यात छापखान्यातून पुठ्ठ्याच्या छोट्या डब्या आल्या. मजकूर मी स्वतः लिहून दिला होता आणि त्यातला एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही. 'रतनलाल. काचेचा फ्यूज. यंत्रावर लिहिलेल्या मापाचाच घ्यावा. भार वाढला की जळतो. गाण्याच्या यंत्रात घातल्यास आवाज जसा होता तसाच राहतो.' बाजारात लोक त्या डबीचे फोटो काढून एकमेकांना पाठवतात आणि हसतात, असे पारस सांगतो. हसणारे डबी घेऊन जातात, असेही तो सांगतो, पण ते मी विचारलेले नव्हते.

पहिली डबी नरहररावांनी घेतली. पारस पैसे घेत नव्हता, मी घ्यायला लावले. "यंत्र कोणते? भार किती?" मी विचारले. त्यांनी मुकाट्याने सगळे सांगितले. मग ती डबी शर्टाच्या खिशात ठेवून म्हणाले, "वहिनी, रविवारी यमन आणतो. रूपलला सांगा, नळ बंद ठेव."